जुन्या साडीच्या पिशवीचे बंद उपटतात, मशीन बदलू का?

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एका ताईंनी (लग्नानंतर इंदूरला आल्यात, घरी सासूबाईंचं पायमशीन आहे) जुन्या साड्या, नवऱ्याच्या जीन्स आणि दोन पलंगपोस यांच्या आठ पिशव्या शिवून ओळखीत विकल्या, त्यातल्या तीन परत आल्या. एकीचा बंद कापडासकट उपटला, एक धुतल्यावर आतून चुणली आणि तिरकी झाली, तिसरीबद्दल तक्रार अशी की ती नुसती लोंबते, ठेवली की आडवी पडते. विचारलंय की मोटरवालं भारी मशीन घेऊ का, पंधरा-सोळा हजारांपर्यंत तयारी आहे.

ताई, ते पंधरा हजार आत्ता बँकेतच राहू द्या. तीन तक्रारी वेगळ्या वाटतात पण माझ्या मते चूक एकच आहे आणि ती मी स्वतः पहिली दोन वर्षं मनापासून केलीय, म्हणून लांबून ओळखू येते. आपण जुनं कापड नव्या कापडासारखं शिवायला घेतो. नवं कापड मीटरवर आणलं की कुठूनही कापा, सगळं सारखं. जुनी साडी तशी नसते हो. खांद्यावर पिन लागून लागून तिथे भोकं पडलीत, खालचा काठ फरशीवर घासलाय, कपाटात घडीवर घडी पडून रेशीम करकरीत झालंय, आणि आतला जो भाग नेसताना खोचला जातो आणि ज्याला कधी ऊन लागलं नाही तो जवळजवळ कोरा. एकाच साडीत चार वयांचं कापड असतं. त्यातलं कुठलं कुठे लावायचं हे ठरवलं की निम्मं काम झालं, मशीन कुठलंही असो.

मी हे काम चौदा वर्षं करतेय, इंदूरलाच, रामबागेत घराच्या मागच्या खोलीत, पिशव्या, पाऊच, बटवे, चष्म्याची कव्हरं, आणि माझंही पहिली सहा वर्षं काळं पायमशीनच होतं. कापड कळायला लागलं ते मात्र मशीनमुळे नाही, बाबांमुळे. ते इथल्याच एका कापड मिलमध्ये विणकाम खात्यात होते. मिल बंद पडली, कान तसाच राहिला. कापड हातात आलं की बघायच्या आधी ते फाडून ऐकायचे. आई ओरडायची पण ते खरंच ऐकायचे.

तुम्ही पण करून बघा. साडीच्या नको असलेल्या टोकाला कात्रीने अर्ध्या इंचाचा काप द्या आणि दोन हातांनी फाडा. दम असलेलं सुती कापड चर्रर्र करत, हाताला जोर लावायला लावत फाटतं. थकलेलं कापड आवाजच करत नाही, ओल्या कागदासारखं गुपचूप सुटून येतं आणि फाटलेल्या कडेला बारीक भुशासारखे तंतू राहतात. हे उभं पण करायचं आणि आडवं पण, कारण दोन्हीकडे ताकद सारखी नसते. जिथे फाडणं परवडत नाही (कुणाच्या आईची साडी असते, आपण काय फाडणार) तिथे दोन्ही अंगठे शेजारी शेजारी टेकवून कापड बाहेरच्या बाजूला दाबून ताणायचं. धागे सरकून मध्ये जाळी दिसली किंवा हलकासा टक् आवाज आला तर समजायचं. आणि त्याच्याही आधी खिडकीत उजेडासमोर धरून पूर्ण साडी एकदा सरकवायची, विरलेल्या जागा पाण्याच्या डागासारख्या उजळ दिसतात. त्यांच्याभोवती खडूने गोल करून ठेवायचे.

महेश्वरीबद्दल वेगळं सांगते कारण इंदुरात ती घरोघरी निघते. आमच्या एका काकूंनी त्यांच्या आईची बाटली-हिरव्या रंगाची महेश्वरी आणून दिली होती, चटईचा काठ, इतकी सुंदर की मी टेस्ट-बिस्ट काही केली नाही, सरळ कापली आणि स्लिंग बॅग शिवली. महिन्याभरात चेनच्या खाली आडवी चीर, ब्लेडने मारावी तशी सरळ. काकू काही बोलल्या नाहीत, पण पिशवी टेबलावर ठेवून निघून गेल्या, ते जास्त लागलं. मग बाबांनी सांगितलं, महेश्वरीत साधारणपणे ताणा (लांबीतले उभे धागे) रेशमी आणि बाणा (आडवे धागे) सुती असतो. वर्षानुवर्षांच्या घामाने आणि घड्यांनी रेशमी ताणा आधी जातो, उभे धागे तुटले की कापड आडवं उघडतं. वरून हात फिरवला तर सुती बाणा मऊ, धडधाकट लागतो, आणि आपण फसतो. काठ मात्र शाबूत होता, त्याच काठाची पट्टी जीन्सच्या पिशवीवर लावून त्यांना दुसरी करून दिली.

तेव्हापासून जुनं रेशीम किंवा महेश्वरी असेल तर मी आधी मागून पातळ कापडी फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवते, मगच कात्री. कागदी फ्युजिंग घेऊ नका, दोन धुण्यांत फुगे येतात. तसंच बाग प्रिंट (धार जिल्ह्यातल्या बाग गावची ठशांची छपाई) किंवा जुन्या पद्धतीच्या नैसर्गिक रंगांची छापील साडी असेल तर काळे भाग आधी तपासा. बागचा काळा लोखंडाच्या गंजापासून करतात, कापड आधी हिरड्यात भिजवलेलं असतं, आणि लोखंड-हिरड्याचा हा काळा वर्षांनी सुताला खातो. लाल फुलं ठणठणीत आणि त्यांच्या काळ्या रेघा विरलेल्या, असं मी दोन-तीन जुन्या ओढण्यांत बघितलंय.

जीन्सचं गणित सोपं. गुडघे, मांड्यांच्या आतली बाजू आणि बसायची जागा गेलेली असते, पोटरीच्या मागचा भाग आणि बाहेरच्या शिलाईलगतचं कापड सगळ्यात चांगलं. पण हल्लीच्या बहुतेक जीन्समध्ये लायक्रा असतं, आडवी ओढून बघा, रबरासारखी परत आली तर ती पिशवीच्या तळाला बिलकुल लावायची नाही, भार आला की लांबते आणि मग तुमच्या गिऱ्हाईकाची ती लोंबणारी पिशवी होते. कमरेचा पट्टा मात्र काढून ठेवत जा, आत बहुतेक कडक अस्तर असतं, तो तयार बंद आहे.

तर आता वाटणी. माझ्याकडे तीन टोपल्या आहेत: दिसायचं कापड, अस्तराचं कापड, आणि भार घेणारं कापड. दिसायला साडी, काठ, पदर काहीही चालतं, थकलेलंसुद्धा, कारण त्याच्या मागे काहीतरी असणार. अस्तराला जुना सुती पलंगपोस किंवा पुरुषांचे शर्ट. भाराला जीन्सची पोटरी, जाड पडद्याचं कापड, डक (जाड कॅनव्हाससारखं सुती कापड), निवार (खाटेला लावतात तशी विणलेली जाड पट्टी), एवढंच. पडद्या-सोफ्याच्या दुकानात जुने कॅटलॉग फेकायला निघतात ते मागून आणा, त्यातले तुकडे जाड आणि नवेकोरे असतात, दुकानदार उलट खूष होतो. टोपली बदलायची नाही हा माझा घरातला नियम आहे. साडी कितीही दणकट वाटली तरी ती भाराच्या टोपलीत जात नाही. आपल्या आज्यांनी गोधडी शिवताना हेच केलं ना, एकेक लुगडं विरलेलं पण चार थर एकावर एक घालून जवळजवळ धावदोरा घातला की ती चौघडी दहा वर्षं पांघरली जायची. एकट्या थराकडून कुणी अपेक्षा ठेवली नव्हती.

आता बंद. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांवर देशभर बंदी आहे, ती कुठे किती पाळतात तो विषय सोडा, पण लोक कापडी पिशवी घेतात ती आता बटाटे आणायला घेतात, शोभेला नाही. पाच किलो भाजी दोन बंदांच्या चार टोकांवर वाटली तर प्रत्येकी सव्वा किलो, ऐकायला काहीच नाही. पण गाडीच्या हुकला अडकवून खड्ड्यातून नेली की तो झटका एका टोकावर येतो आणि ते टोक तुम्ही जुन्या साडीवर इंचभर शिलाईने लावलंय. त्यात पक्कं व्हावं म्हणून आपण तिथेच मशीन पुढे-मागे चार वेळा चालवतो, म्हणजे सुईने इंचभरात पन्नास भोकं पाडतो, पोस्टाच्या तिकिटासारखी. तिकीट कुठून फाटतं? भोकांवरूनच. तुमचा बंद "कापडासकट" उपटला म्हणजे धागा टिकला आणि कापड गेलं, हे तुमच्याच वर्णनात आहे बघा. भारी मशीनने हेच अजून जोरात झालं असतं.

मी काय करते ते सांगते. बंदाच्या आत एक इंची सुती निवार घालते, साडीची पट्टी फक्त तिच्यावर गुंडाळलेली, दिसायला. पट्टी ताण्याच्या दिशेने म्हणजे उभी कापायची, आडवी किंवा उरेब (तिरकी) कापली तर बंद लांबत जातो. खांद्याच्या पिशवीला एका बंदाला 26 इंच पुरतात, बारीक अंगाच्या बायकांना 24. नुसती वह्या-डब्याची पिशवी असेल तर बंदाचं टोक वरच्या कडेपासून अडीच-तीन इंच खाली आणायचं, आतल्या बाजूला जीन्सचा दोन बाय तीन इंचाचा तुकडा ठेवायचा आणि दोन्हींमधून चौकोन आणि आत फुली अशी शिलाई मारायची, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर, जुन्या कापडावर बारीक टाका नको. टोकाला दोनच टाके मागे आणि बस. त्यामुळे ओढ एका रेघेवर येत नाही, पूर्ण तुकड्यावर पसरते.

आणि भाजीची पिशवी असेल तर निवार वरच्या कडेला संपवायचीच नाही, तशीच पिशवीच्या पोटावरून खाली, तळाखालून पलीकडे, आणि तिकडून वर. पूर्ण गोल. मग वजन निवारीच्या पाळण्यात बसतं आणि साडी नुसती भिंत होते. याला निवार जास्त लागते (अशा पिशवीला मला साधारण साडेतीन मीटर लागते) आणि खर्च वीस-पंचवीस रुपयांनी वाढतो, पण माझ्याकडे अशी एकही पिशवी बंदासाठी परत आलेली नाही. दिसायलाही बरं दिसतं, दोन उभ्या पट्ट्या येतात, त्यांच्यावर काठ लावायचा.

चुणलेल्या पिशवीबद्दल मला जरा अंदाज करावा लागतोय कारण तुम्ही अस्तर कशाचं ते लिहिलं नाहीत. पण माझी पैज आहे की बाहेर जुनी साडी आणि आत दुकानातून आणलेलं नवं पॉपलिन किंवा मांजरपाट. जुनी साडी शंभर धुण्यांत आटायची तेवढी आटून बसलीय, नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज आटतं. आतलं आखडलं, बाहेरचं तसंच, मग चुण्या. नवं जे काही लावाल, अस्तर, निवार, पायपिंग, ते सगळं आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग मापाला घ्या. निवारसुद्धा आटते हे लोक विसरतात. दोन्हीकडे जुनंच कापड असेल तर हा प्रश्नच नाही, म्हणून मी अस्तराला पलंगपोस म्हणते. रंग जातो का ते पण बघून ठेवा, ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून गरम इस्त्री दाबायची, रुमालावर आलं तर अस्तरावर पण येणार. आणि तिरकी का झाली, तर कापताना कापड ताण्याला धरून सरळ नव्हतं. जुनी साडी धुवून धुवून तिरपी ओढलेली असते. कापायच्या आधी थोडी ओली करून कोनांकडून उलट दिशेला ओढून काटकोनात आणायची, एकट्याने होत नाही, दुसरं टोक धरायला घरातलं कुणीतरी बोलवा.

लोंबणारी पिशवी तर सगळ्यात सोपी. तिला तळ नाहीये. बाहेरच्या कापडाचे 16 इंच रुंद आणि 17 इंच उंच असे दोन तुकडे घ्या, खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून अडीच इंचाचा चौकोन कापून टाका, सगळीकडे अर्धा इंच शिलाई धरा. बाजू आणि तळ शिवून झाले की कोपरा उघडून बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर आणायची आणि आडवं शिवायचं. तळ 10 बाय 5 इंचाचा बसतो, उंची 14 च्या आसपास. तळाला आतून डकचा जोड द्या, अंगाला फ्युजिंग किंवा जुन्या चादरीचा मधला थर देऊन तीन-तीन इंचांवर उभ्या शिलाया मारा. फोम मला आवडत नाही, वाळायला दोन दिवस लागतात आणि पावसाळ्यात वास मारतो, पण लॅपटॉपच्या कव्हरला लागतोच, तिथे नाइलाज.

हे सगळं म्हणजे कापड तपासा, टोपल्या वेगळ्या करा, वजन निवारीवर टाका, नवं ते आधी भिजवा. एवढं झाल्यावर मशीनचं बोलू.

सासूबाईंचं पायमशीन साड्या, पाऊच आणि जीन्सचे तीन-चार थर यांना पुरतं. साडीला 14 नंबरची सुई, जीन्स आली की 16, फारच जाड जोड असेल तर 18, आणि पातळ रेशमाला 11. आणि सुई बदला हो, मोडेपर्यंत तीच नका वापरू, बोथट सुई जुन्या कापडाचे धागे बाजूला सारत नाही, तोडते. धागा चांगला पॉलिएस्टरचा, सासूबाईंच्या डब्यातली जुनी सुती रिळं मोह झाला तरी नको, धागासुद्धा म्हातारा होतो, दोन हातांत ओढून बघा, चटकन तुटेल. जीन्सच्या जाड जोडावर मशीन अडलं की आधी तो जोड खाली लाकूड ठेवून हातोडीने ठोकून चपटा करायचा, आणि मशीनच्या, कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या मागे त्याच जाडीचा पुठ्ठा दुमडून सरकवायचा म्हणजे पाय सपाट राहतो आणि टाका सुटत नाही. चाक हाताने फिरवून तेवढे चार टाके काढायचे. माझी बाई (शेजारची, ती माझ्याकडे शिवायला येते) हातोडीला अजून हसते.

मशीन कधी घ्यायचं? आठवड्याला वीस-पंचवीस पिशव्या जायला लागल्या आणि त्यात जीन्स जास्त असली तर. तेव्हाही नवं फॅन्सी भरतकामवालं नको, टेलर लोकांचं अम्ब्रेला मशीन बघा, वापरलेलं मिळतं, मोटर बसवता येते. घेताना तुमची स्वतःची जीन्स सहा पदरी करून बरोबर न्या आणि दुकानातच चालवून बघा. मी नेली तेव्हा दुकानदार म्हणाला, "दीदी, पूरा पैंट सिलोगी क्या यहीं?" मी म्हटलं हो. ज्यांना फक्त साड्यांचे बटवे आणि पाऊच करायचेत त्यांनी कधीच घेतलं नाही तरी चालेल.

किमतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण आठ पिशव्या शंभरला एक विकल्या असं लिहिलंय त्यावर एक बोलते. मला एका तळवाल्या पिशवीला, कापड तपासण्यापासून धागे कापण्यापर्यंत, पावणेदोन तास लागतात. निवार, फ्युजिंग, चेन, धागा धरून साठ-सत्तर रुपये. शंभरला विकली तर तासाला जेमतेम वीस रुपये पडतात. "जुन्या साडीची तर आहे, मग एवढे कसले" हे तुम्हाला मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडून ऐकावं लागणार, मंडळाच्या आनंद मेळ्यात तर आपलीच माणसं म्हणतात. कापड फुकट असेल, तपासणं फुकट नाही. मी 280 सांगते आणि कमी करत नाही, ज्याला नको तो पुढच्या स्टॉलवर जातो. गिऱ्हाइकाने स्वतःची साडी दिली तर फक्त शिलाई घेते, पण आधी तिच्यासमोर खिडकीत धरून विरलेल्या जागा दाखवते आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवते. त्या काकूंनंतर हे कधी चुकवलं नाही.

त्या परत आलेल्या तीन पिशव्या फेकू नका आणि पैसे परत करायची पण घाई नको, आधी विचारा दुरुस्त करून चालेल का, बहुतेक जणी हो म्हणतात. उपटलेल्या बंदाची: वरची कड उसवा, फाटलेल्या जागेवर आतून आणि बाहेरून जीन्सचा तुकडा, आणि नवी निवार तळाखालून फिरवून घ्या, भोक आपोआप पट्टीखाली झाकलं जाईल. चुणलेलीची: अस्तर पूर्ण काढा, आता ते आटून झालंय, बाहेरच्या पिशवीचे कोपरे उलगडून ती सपाट करा आणि त्या अस्तराच्या मापावर बाहेरचीच कापून थोडी लहान करा. लोंबणारीची: आतली बाजू बाहेर काढून कोपरे दोन-दोन इंचांवर आडवे शिवून टाका, उंची दोन इंच कमी होईल पण उभी राहील. ही तिसरी आधी करा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि झालं की फोटो टाका, तळ सरळ बसला नसेल तर त्यातच दिसेल.